टपालाने आलेलं विरजण

रामदासपेठ, नागपूर
९ एप्रिल १९६७

ती. यमुआत्यास मधुसूदनाचा सा. न. वि. वि.

कोशाच्या कचेरीत घरगुती शब्दांचं काम माझ्याकडे आलंय आणि कालपासून 'विरजण'पाशी अडलोय. अर्थ लिहिला : दुधाचं दही व्हावं म्हणून त्यात घालतात ते थोडं दही किंवा ताक. उत्साहावर विरजण पडणे, हेही लिहिलं. साहेब म्हणतात, रोजचा वापर हवा. आमचं दही सदर बाजारातल्या डेअरीतून येतं, वापर कुठून आणू? तूच सांग.

खरी काळजी वेगळीच आहे. अरुंधतीचं इथे मन लागत नाही. चार महिन्यांत शेजारच्या रंभाबाईंशी चार शब्द बोलली नाही. त्यांचं बोलणं हिला भांडल्यासारखं वाटतं. पंचवीस तारखेला साताऱ्याला माहेरी निघते आहे. परत कधी, विचारलं की ट्रंकेत कपडे भरत बसते. हिवाळ्याचेसुद्धा! मला भीती वाटते गं.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मधू

सातारा
१४ एप्रिल १९६७

चि. मधुसूदनास यमुआत्याचे अनेक आशीर्वाद.

शहाणाच आहेस! डेअरीतलं दही खायचं आणि विरजणाचा अर्थ लिहायचा? अरे, विरजण कुणी विकत आणतं का! आपलं संपलं की वाटी घेऊन शेजारणीच्या दारात जायचं, तिचं संपलं की ती आपल्या दारात येते. हा वापर लिही. उत्साहावर पडणारं विरजण तुमच्या साहेबांना लखलाभ. दुधाचं दही झालं तर त्यात रडण्यासारखं काय आहे?

सोबत सुती फडकं पाठवते. आमच्या दह्यात तीनदा बुडवून सावलीत वाळवलंय. करंगळी सोसेल इतक्या कोमट दुधात सुनेला ते भिजत घालू दे. पहिलं दही पातळ होईल, दुसरं जमेल. तिला जाऊ नको म्हणू नकोस. ती तुझ्यापेक्षा हुशार आहे.

दोघांची आठवण रोज निघते, तुम्हीही काढत जा.
यमुआत्या

रामदासपेठ, नागपूर
२२ एप्रिल १९६७

ती. आत्याबाईंच्या सेवेशी अरुंधतीचा शि. सा. नमस्कार.

आधी तुमच्या भाच्याचा पराक्रम ऐका. फडक्याला आंबूस वास आला म्हणून पत्र वाचायच्या आधीच हे ते साबणात टाकायला निघाले! मोरीच्या दारातून मी हिसकावून घेतलं. किती दिवसांनी पोट धरून हसले.

दुसऱ्या खेपेचं दही असं लागलं की काय सांगू! आणि काल सकाळी रंभाबाई वाटी घेऊन दारात. इथल्या उन्हाने त्यांचं सगळं आंबून वाया गेलं होतं. आत्याबाई, चार महिन्यांत माझ्याकडे कुणी काही मागायला आलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी वाटी काठोकाठ भरली. त्या म्हणाल्या, की एवढं काहून देते वं, मले चमचाभर पुरते. मग तासभर बसल्या. भांडल्यासारखं बोलतात खरं, पण सगळं माझ्याच बाजूने.

ट्रंक बघून त्यांनी विचारलं, मी जाते म्हणून सांगितलं. त्यावर एवढंच म्हणाल्या, की रोज लावलं नाही तर विरजण मरतं, मी येईपर्यंत त्या ते आपल्या घरी जागतं ठेवतील.

तुम्ही मला उपदेशाचा एक शब्द लिहिला नाहीत, नुसतं फडकं पाठवलंत. धन्य आहे तुमची!

ट्रंकेतले हिवाळ्याचे कपडे काढून ठेवलेत. पंधरा दिवसांसाठीच येते आहे. माझं विरजण रंभाबाईंकडे आहे, ते घ्यायला मला यायलाच हवं.

भेटीत माया करालच, मागाहूनही करत राहा.
आपली अरुंधती