दोनांतलं एक अपील

वॉरन्स, विस्कॉन्सिन
१४ ऑक्टोबर २०१५

प्रिय ऑरिन,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली कळवायची पद्धत आहे म्हणून कळवते. मी बरी आहे, गुडघा बरा नाही. तुझी खुशाली सिग्रिडकडून कळते, तुझ्याकडून नाही. लेकीकडे डुलुथला जाऊन तुला तीन वर्षं झाली आणि ख्रिसमसचं एक कार्डसुद्धा नाही. असू दे. मीही धाडलं नाही. हट्टाच्या बाबतीत आपण एकाच आईची लेकरं आहोत.

क्रॅनबेरीची तोडणी जोरात आहे. पाचही वाफ्यांत पाणी सोडलंय, फळ सुटून पाण्यावर तरंगतंय, रंग यंदा चांगला धरलाय. दोन माणसं कमी आहेत, त्यामुळे सकाळपासून मीच पाण्यात उभी असते. ही कणव यावी म्हणून सांगत नाही. विचारलं असतंस तर सांगितलं असतं, एवढंच.

शुक्रवारी पेटंट कचेरीच्या अपील मंडळाचा निकाल आला. काय आला ते लगेच सांगणार नाही. तीन वर्षं तू मला ताटकळत ठेवलंस, आता चार परिच्छेद तूही थांब.

आपली दोन अपिलं पडून होती हे तुला माहीत आहेच. एक आपल्या दोघांच्या उडीपाटाचं. चांगलं फळ लाकडी पाटावर आपटून पलीकडे उडतं, सडकं तिथेच खाली पडतं, हे आजोबांच्या काळापासूनचं. पण हवेतल्या ओलीप्रमाणे पाटाचा कल बदलायचा, हे आपलं. परीक्षकाने लिहिलं, यात नवीन काही नाही, हे कुणालाही सुचलं असतं. ते वाचून माझं डोकंच फिरलं. इथल्या मळ्यांत लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते पाट एकाच कोनात खिळे ठोकून बसवले. सुचायचंच होतं तर वेळ भरपूर होता की!

दुसरं अपील फवाऱ्याच्या तोटीचं. वसंतात थंडीचा कडाका पडला की कळ्या वाचवायला पाणी उडवायचं आणि नेमका तेव्हाच तोटीत बर्फ धरतो. तो आपोआप फुटून पडावा म्हणून केलेली तोटी. त्या अर्जावर नाव माझं एकटीचं.

जूनमध्ये आपल्या वकीलबाईंचा, जिनी प्रोहास्काचा, फोन आला.

"मार्लिस, एक नवीन सोय निघालीय. आपलं एक अपील मागे घ्यायचं, की दुसरं रांग सोडून पुढे जातं. चार महिन्यांत निकाल. नाहीतर अडीच वर्षं बसा वाट बघत."

"म्हणजे एक मारायचं?"

"तसं नाही गं... बरं, हो. मारायचंच. तो अर्जच संपतो."

"कुठलं मारायचं?"

"हे काय विचारणं झालं? पाट! त्या पाटाकडे कोण ढुंकून बघतंय? तोटीसाठी कंपनी दारात उभी आहे."

उभी होतीच. ग्रीन बेहून टायवाला माणूस तीनदा येऊन गेला होता, पेटंट हातात पडताच करार करू म्हणून. मी जिनीकडे तीन दिवस मागितले. दुसऱ्या दिवशी सिग्रिडचा फोन आला.

"आत्या, बाबांना समोरचं मधलं काही दिसत नाही आता. भिंग धरून कडेकडेने वाचतात. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षाअखेर तेही जाईल. मी सांगितलं असं म्हणू नकोस हं, त्यांना कीव नकोय."

"मला कीव कुठली येतेय? मला त्याचा रागच येतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग भिंग काढून आलेलं टपाल कडेकडेने वाचून पाहिलं. तुला कळू द्यायचं नव्हतं, पण लिहून गेले.

तिसऱ्या दिवशी जिनीला सांगितलं, "तोटी मागे घे. पाट पुढे जाऊ दे."

"शुद्धीवर आहेस ना? भावासाठी? तो तर तुझ्याशी बोलतही नाही!"

"न बोलण्याचा हक्क आहे त्याला."

"का?"

हा 'का' मला टाळता आला नाही. तिला सांगितलं, आता तुला सांगते. तोटीतली स्प्रिंग तुझी. बर्फ फोडते ती तीच. बाकीची तोटी म्हणजे नुसतं पितळ. मी शपथेवर लिहून दिलं, की हे सगळं माझं एकटीचं. ईस्टरच्या जेवणाला तू सगळ्यांसमोर विचारलंस, "मार्ली, ती स्प्रिंग कुणाची?" आणि मी हॅम कापता कापता म्हणाले, "सिद्ध कर." तू नॅपकिनची घडी घातलीस, उठलास आणि गेलास. तू सिद्ध करू शकणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं, ऑरिन. तुझं पेन्सिलीने काढलेलं चित्र माझ्याच खणात होतं. तूच विश्वासाने दिलं होतंस.

का केलं? कारण सगळा गाव 'ऑरिनचा पाट' म्हणायचा आणि गारठ्यात कुडकुडत तो शंभरदा वर-खाली करून पाहिला होता मी. एकदा तरी कागदावर माझं एकटीचं नाव असावं, असं वाटलं. हे कारण आहे. सबब नाही.

जिनी म्हणाली, तोटीच्या अर्जावर भावाचं नाव घालू, दुरुस्ती करता येते. येते, पण दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही अपिलं रांगेतच राहतात. अडीच वर्षांनी छापलेलं नाव तुला दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं असतं. ते मला चालणार नव्हतं.

टायवाला येऊन चडफडला, "बाई, काय करून बसलात! आता ती तोटी कुणीही बनवेल."

"मग बनवू दे की," मी म्हटलं.

नुसतं म्हटलं नाही. सप्टेंबरच्या बागायतदारांच्या बैठकीत तुझं चित्र भिंतीवर चिकटवलं आणि सांगितलं, "हे ऑरिनचं आहे. मी चोरलं होतं. आता यावर कुणाचाच हक्क नाही, ज्याला हवं त्याने उतरवून घ्या." व्हर्न टोल्झमन म्हणाला, "मार्लिस, आधी कॉफी तरी पिऊ द्यायची होतीस." मागून कुणीतरी विचारलं, "चोरलेलं असू दे, पण चालतं का?" मी म्हटलं, "न चालायला काय झालं!" मग सगळे फोन काढून फोटो घ्यायला लागले. काहीजणी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. तुझ्याइतकं कुणाला जमणार नाही.

आता निकाल. परीक्षकाचा नकार मंडळाने रद्द केला. तिघांच्याही सह्या आहेत. हे कुणालाही सुचलं असतं असं म्हणायला काही आधार नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय. पेटंट छापून यायला वसंत उजाडेल. सोबत निकालाची प्रत आहे. नावं पहिल्याच पानावर वर आहेत आणि पहिलं तुझं. सिग्रिडला वाचायला लावू नकोस. भिंग घे, खिडकीशी बस आणि स्वतः वाच. कितीही वेळ लागू दे.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि देऊन पुन्हा माझ्यापेक्षा मोठा होशील. तेवढं मला सोसणार नाही. रागच धरायचा तर खुशाल धर, पण आता पुराव्यानिशी धर. हे पत्र जपून ठेव. आणि एक सांगून ठेवते. छापलेलं पेटंट मी टपालाने धाडणार नाही. हवं असेल तर नजर आहे तोवर इथे येऊन माझ्या हातातून घे.

तुझी बहीण,
दोन्ही शोधांत दुसरी,
मार्लिस