काविळीवरचा रस

बाबा, आईच्या लिव्हरवर चरबी चढली आहे. तुम्ही गेल्यापासून 'लिव्हर' हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारला नव्हता. अमरावतीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पाहून विचारलं, "मावशी, दारू घेता का?" ते सगळ्यांनाच विचारतात, पण आई ताडकन उठली. "मले इचारता? जिनं जनमभर त्या बाटल्या घराबाहेर फेकल्या, तिले?" आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पुढचं मी एकटीनं ऐकलं. दारू न पिणाऱ्यांनाही हे होतं, साठीनंतर तर पुष्कळांना होतं. रक्तातली साखर वाढू लागली आहे, वजन हळूहळू उतरवा, गोड बंद करा, रोज चालायला लावा. लिव्हर कडक होता कामा नये, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा.

अकोटच्या एसटीत तिनं विचारलं, "काय म्हणे थो डॉक्टर?" आणि बाबा, मी, घरातली पहिली पदवीधर, नापिकीच्या या वर्षांत गावोगावी बायकांच्या बैठकांत "दुखणं लपवू नका" असं सांगत फिरणारी, म्हणाले, "काविळीसारखं आहे, आई. पथ्य पाळलं की बरं होईल." लिव्हर म्हटलं की गल्लीला तुम्ही आठवाल, याची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी धारणीला कामावर निघून गेले.

मग आईनं तेच केलं, जे तुमच्या काविळीत तुमच्यासाठी केलं होतं. फोडणी बंद, हळद बंद, आणि उसाचा रस. शेजारच्या चाचींच्या घरची रसवंती; त्या सकाळ-संध्याकाळ लोटा भरून आणायच्या. "पी लो भाभी, कलेजा ठंडा होगा." पुढच्या तपासणीत साखर चांगलीच वाढलेली निघाली. डॉक्टर विचारतात, गोड काय खाता? आई तोऱ्यात सांगते, "गोडाले तं हातबी नाई लावत. दोन टाइम रस असते फक्त, काविळीचा." डॉक्टर माझ्याकडे पाहतात. मी रिपोर्टची घडी घालत राहते.

घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. बराच वेळ मेथी निवडत राहिली, मग म्हणाली, "मंग तुह्या बापाले बी मीच रस पाजू पाजू..."

"नाही आई. त्यांचं वेगळं होतं. त्यांचं दारूचं होतं." तिच्यासमोर हे मी पहिल्यांदाच बोलले.

"हो," ती म्हणाली, "दारूचंच होतं." आणि निवडलेली मेथी पुन्हा निवडायला लागली.

आता ती चाचींसोबत सकाळी कालव्यापर्यंत चालते. चाची रसाऐवजी ताक आणतात आणि मला ऐकवतात, "इतना पढ़के भी मुँह नहीं खुला तेरा!"

हे पत्र मी आईच्या नजरेस पडू देणार नाही. तुमचा रस आणायला मी जायची, आठवतं? परतताना वाटेत त्यातले घोट-दोन घोट मी प्यायची, रोज. तुम्ही गेलात तेव्हा वाटलं, तेवढाच कमी पडला. इतकी वर्षं वाटत होतं. त्या दिवशी दवाखान्यात रसानं आईची साखर वाढल्याचं ऐकताना कळलं, त्या रसानं तुम्ही वाचणारच नव्हतात. आणि आई शेजारी बसलेली असताना, बाबा, तिची काळजी वाटायच्या आधी मला हायसं वाटलं.