गोणीतल्या मातीचं वजन

बाबा,

परवा मी बोरी अरबच्या आठवडी बाजारात टेबल टाकून बसले होते आणि गांजाचा कायदा बदला म्हणून लोकांच्या सह्या घेत होते. हे वाचून तुम्ही चष्मा काढून सदऱ्याला पुसला असता, पुन्हा लावून पुन्हा वाचलं असतं आणि आईला हाक मारली असती, की बघ, तुझी लेक काय करून राह्यली. चांगलं काही केलं की मी तुमची लेक असायचे, हे मी विसरलेले नाही. ज्या माणसाला सुपारीच्या खांडानंसुद्धा गरगरायचं, त्याच्या मुलीच्या पाठीमागे कापडी फलक बांधलेला आणि त्यावर गांजाचं झाड रंगवलेलं. पेंटर पापभिरू असावा, कारण त्याचं झाड हुबेहूब भेंडीसारखं दिसतं. एका बाईनं येऊन पाव किलो भेंडी मागितलीही. समोरच देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं, आणि तिथून हिंदकळत बाहेर पडणारा प्रत्येक जण आमच्यापाशी थांबून सांगत होता, "ताई, लोकाईले नशेच्या नादी कायले लावून राह्यल्या?" हवालदार आले. त्यांनी फलक वाचला, आमच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून हुंगलं आणि पाणीच निघाल्यामुळे जरा नाराज होऊन गेले.

तुम्हाला घाबरवायचं नाही म्हणून सांगते, आम्ही गांजा मोकळा करा म्हणत नाही. आम्ही म्हणजे तरी कोण, एक तरुण वकील पोरगी, मी, आणि महागावकडची एक बाई, जिच्याविषयी पुढे लिहितेच. आमचं मुख्य म्हणणं असं, की कायद्याच्या पुस्तकात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा असं लिहिलेलं आहे, तर मग शिक्षा ठरवताना फुलोराच तोला. मूळ, खोड आणि मुळाला चिकटलेलं वावर तोलू नका. शिवाय चिलमीपुरतं जवळ बाळगणाऱ्याला जेलात घालू नका, आणि झाडाच्या ज्या जातीला नशा नाही ती दोरासाठी पेरायला परवाना द्या, तिकडे डोंगराकडच्या राज्यांत देतात तसा. हे मी पेपरात लिहिते तेव्हा लोक हसतात, कारण माझ्या सदरात हसायचं असतं अशी त्यांना सवय लागली आहे. हे तुम्हाला मात्र समजावून सांगायची गरज नाही. ती मुळांची माती माझ्याआधी तुम्ही पाहिली होती.

कोर्टाच्या मागच्या अंगाला ती खोली आहे. मुद्देमालाची. खटल्यात जप्त झालेलं सगळं निकाल लागेपर्यंत तिथे पडून राहतं आणि त्याचे राखणदार तुम्ही. चोरीच्या सायकली, कुऱ्हाडी, हातभट्टीच्या कॅना, कुणाचं तरी रक्त वाळलेलं लुगडं आणि भिंतीला टेकून गांजाच्या गोण्या. त्या गोण्यांचा वास तुमच्याआधी घरी यायचा. आई दारातच उभी राहते, "आधी शर्ट काढा," म्हणते, आणि तुम्ही मागच्या अंगणात जाऊन तो पेरूच्या झाडावर टाकता. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतात, "आज किती पोते ओढले हो बाबूजीनं?" आणि तुम्ही बनियनवर उभे राहून इतक्या गंभीर चेहऱ्यानं "मी कर्तव्यावर होतो" म्हणता, की हसता हसता काकूंचा पदर पडतो.

दुसऱ्या ठिकाणचे कारकून वजन घटलं की उंदरांनी खाल्लं म्हणून लिहून मोकळे व्हायचे. जिल्ह्यातले उंदीर त्या काळात फार सुखात होते. तुम्हाला ते जमणारं नव्हतं. अडाण नदीच्या काठच्या एका माणसाच्या वावरातली झाडं पावसाळ्यात उपटून आणली होती, मुळासकट, चिखलासकट, आणि तशीच तोलून गोणीत भरलेली. खटला उभा राहीपर्यंत झाडं वाळली, चिखलाची माती झाली आणि ती गोणीच्या विणीतून फरशीवर गळायला लागली. दुसऱ्या कुणीही झाडू मारून ती बाहेर टाकली असती. तुम्ही टाकली नाही, कारण पंचनाम्यात तिचंही वजन धरलेलं होतं, म्हणजे तीही कोर्टाची. तुम्ही सुट्टीच्या दिवशीसुद्धा जाऊन ती माती सुपलीनं भरून वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचात. डब्यावर खटल्याचा नंबर, वर कापड आणि लाखेचं सील. आई म्हणाली होती, "अवं बाई, ह्या माणसानं मातीले कुलूप लावलं."

आणि झालं तेच, जे होणार होतं. कोर्टात गोणी तोलली तर वजन कमी भरलं. बचावाच्या वकिलांनी हात वर करून विचारलं की बाकीचा माल कुठे गेला, आणि भर कोर्टात सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर. इतकी वर्षं एक खिळा इकडचा तिकडे न केलेला माणूस चोर ठरत होता. तुम्ही खोलीत गेलात, डबा घेऊन आलात आणि साहेबांपुढे ठेवलात. गोणी आणि डबा एकत्र तोलले. वाळल्याची घट सोडली तर हिशेब पटला. साहेबांनी भरल्या कोर्टात म्हटलं की कारकून असावा तर असा. तुमची अब्रू वाचली. आणि पंचनाम्यातलं वजन खरं आहे हेही त्याच क्षणी सिद्ध झालं, म्हणून तो माणूस ठरावीक वजनाच्या वर, मोठ्या मालाच्या कलमात बसला आणि दहा वर्षांसाठी आत गेला. ही माती गांजा म्हणून तोललीच का, हे त्या दिवशी त्या खोलीत कुणीही विचारलं नाही. त्याच्या वकिलानं नाही, सरकारी वकिलानं नाही. तुम्ही तर साक्षीदारसुद्धा नव्हता.

निकालाच्या संध्याकाळी आईनं पाटोड्यांचा रस्सा केला होता, तुमच्या कौतुकाचा. मी तेव्हा कॉलेजात, नुकतीच जिभेला धार आलेली, आणि ती कुठे चालवून बघू असं झालेलं. मी म्हटलं, "बाबा, मग डब्यातल्या मातीलाही दहा वर्षं झाली का हो?" आई हसली. तुम्ही घास परत ताटात ठेवला. कोर्टात पुस्तकी बोलणारे तुम्ही घरी कधी चिडून बोलला नाहीत, त्या दिवशीही नाही. हळूच म्हणालात, "मले जेवढं इचारलं, तेवढं मी सांगतलं. तुले तं कोणी इचारलंबी नव्हतं." आणि उठून हात धुतलेत. रस्सा तसाच राहिला. त्यानंतर त्या खटल्याचं नाव तुम्ही काढलं नाहीत. मीही काढलं नाही, आणि मग तुम्हीच राहिला नाहीत.

मी पुढे त्याच जिभेवर पोट भरायला लागले. आमदार, कुलगुरू, साहित्य संमेलनं, सगळ्यांवर लिहिलं. मग दोन पावसाळ्यांमागे ही वकील पोरगी घरी आली. म्हणाली, "मॅडम, एका प्रकरणावर काहीतरी झणझणीत लिहा ना." महागावकडच्या एका माणसानं तुरीच्या ओळींत थोडी झाडं लावली होती. स्वतःच्या चिलमीसाठी आणि एकादशीला भजनाला येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. पाऊस उघडल्यावर धाड पडली. झाडं चिखलासकट उपटली आणि गावातल्या कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर तोलली. वजन मोठ्या मालाच्या रेषेच्या जरासं वर गेलं. रेषेच्या खाली असतं तर जामीन सोपा होता, वर गेल्यामुळे तो आत. मी सवयीप्रमाणे हसले. मग मी तिला विचारलं, माती कुणी बाजूला काढून ठेवली आहे का? ती "काहून काढतील मॅडम?" म्हणाली. तेव्हापासून मी तिच्याबरोबर आहे.

त्या माणसाच्या बायकोला मी वहिनी म्हणते. पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा तिनं आम्हाला बाजेवर बसवून काळा चहा दिला. वकील पोरगी फार कळकळीनं सांगत होती, सह्यांची मोहीम, निवेदन, अधिवेशन, कायद्यातली दुरुस्ती. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, मले कायदा नोको बदलून. मले माहा माणूस आणून द्या. त्याले खोकला आहे." मी पेपरात रोज इतकं लिहिते, पण आमच्या मागणीचा याच्याइतका नेमका मसुदा मला कधी जमला नाही. जामिनाचा अर्ज फेटाळला गेला. पुन्हा केला. फुलोरा वेगळा तोलावा असा अर्ज केला, त्याला तारखा पडत गेल्या. वहिनी जेलातल्या मुलाखतीच्या दिवशी यवतमाळला त्याला भेटून यायची आणि फोनवर एवढंच सांगायची, "खोकला वाढला." नंतर त्याला जेलमधून दवाखान्यात हलवलं, आणि ह्या उन्हाळ्यात तो तिथेच गेला. फुलोरा तोलायच्या अर्जाची पुढची तारीख अजून यायची होती.

आम्हाला वाटलं, आता ही बाई आमचं तोंडही बघणार नाही. तेराव्यानंतर तिचाच फोन आला. "ताई, बाजारात कवा बसता तुम्ही?" मी म्हटलं, वहिनी, तुम्ही आता कशाला? ती म्हणाली, "माणूस तं आता येत नाही. मंग आता कायदाच बदलवा." आणि परवा ती पहिल्या बसनं बोरीला आली, टेबलापाशी बसली आणि सगळ्यांच्या आधी अंगठा उठवला.

त्या दुपारी एक बाई आली होती, हातात कोथिंबिरीची जुडी. तिनं फलक वाचला आणि माझ्यावरच आली. "लाज नाही वाटत का वं तुले? माह्या पोराचं डोस्कं ह्याच्यानंच फिरलं. नागपूरच्या दवाखान्यात नेऊ नेऊ थकली मी. आन् तू शिकली सवरली, ह्याचं दुकान मांडून बसली?" बाबा, ती खोटं बोलत नव्हती. माझ्याऐवजी वहिनी बोलली, खाली बघतच. "माय, तुह्या पोराले दवाखाना तं भेटला. माह्या माणसाले आधी जेल भेटली." ती बाई मग वहिनीच्या शेजारी खाली बसली. थोड्या वेळानं उठली आणि सही न करता गेली. कोथिंबीर वहिनीपाशी ठेवून गेली.

हे सगळं तुमच्या कोर्टाचे शिपाई काका पलीकडच्या कांद्याच्या ढिगापाशी उभे राहून बघत होते. आता फार वाकले आहेत. जवळ येऊन त्यांनी माझा चेहरा न्याहाळला. "तू बाबूजीची पोरगी ना वं?" हो म्हटलं. त्यांनी वकील पोरीकडून सगळं समजून घेतलं, काय काय तोलू नये म्हणता ते दोनदा विचारलं. पेन हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. म्हणाले, "माह्या सहीचं काय, मी शिपाई माणूस. मले एवढंच सांग, बाबूजी असते तं त्याईनं केली असती का सही?" वहिनीनंही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काका, बाबांनी पहिली सही केली असती." काका "मंग ठीक आहे" म्हणाले आणि मान वाकडी करून, एकेक अक्षर लावत, त्यांनी आपलं नाव लिहिलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे खरं लिहून ठेवते. तुम्ही सही केली असती की नाही, मला माहीत नाही. तुम्ही कायद्याचे होतात, आणि त्या रस्स्यावरून उठून गेल्यावर कुणाचे झालात, ते मी तुम्हाला कधी विचारलं नाही. काकांना उत्तर द्यायला मी जराही थांबले नाही. थांबले असते तर तुम्ही समोर आला असतात आणि मान हलवली असतीत, आणि ती कुठल्या बाजूला हलते हे बघायचा मला धीर नव्हता.