सरळ चालीचा बैल

आबा, परवा तुमची आठवण आली ती मायेनं नाही आली, किळसेनं आली. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, मीही नोकरीतून मोकळा झालो, तरी किळस अगदी ताजी निघाली. झालं एवढंच, की धाकट्याच्या पोरानं, तुमच्या नातवानं, घोडेगावच्या बाजारातून मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. खिलार बैल धुळीतून चालतोय. चाल बघून सांगा म्हणाला. मी तीनदा बघितला आणि फोनवर सांगितलं, सरळ आहे, घे. तो हसला. म्हणाला, "काका, हितं माज्या म्होरं लंगडतोय की त्यो. तुमाला दिसत न्हाई व्हय?"

मला दिसलं नव्हतं, आणि का दिसलं नव्हतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. जन्मभर मी तेच काम केलं. हलतं चित्र लांब पाठवायचं तर सगळंच्या सगळं पाठवणं परवडत नाही. म्हणून चित्राचे बारीक चौकोन पाडायचे, आत्ता इथं असलेला चौकोन पुढच्या क्षणी कुठं सरकेल याचा अंदाज बांधायचा, आणि अंदाज जिथं चुकला तेवढी चूकच फक्त पाठवायची. पलीकडचा फोन तोच अंदाज लावतो, आलेली चूक त्यात मिसळतो आणि चित्र उभं करतो. अंदाज जितका पक्का तितकं ओझं हलकं. आमच्या गटानं हे अंदाज पक्के करण्यात हयात घालवली, शाली-नारळही घेतले. पण ओझं आणखी कमी करायची एक सोपी वाट असते. चूक बारीक असली तर ती झालीच नाही असं धरायचं. रेंज कमी असेल तिथं जरा मोठ्या चुकाही गिळायच्या, हा हट्ट बैठकीत मीच धरला होता. एवढंसं कुणाला दिसतंय, असं म्हणालो होतो. त्या बैलाचं लंगडणं असंच कुठंतरी गिळलं गेलं असणार. मी फोन पालथा ठेवला.

चूकच पाठवायची हे सुचलं कसं, असं कुणी विचारलं की मी तुमची गोष्ट सांगायचो. निरोप समारंभातही सांगितली. माझे वडील बैलाची चाल पारखायचे, म्हणालो. बाजारात बैल घेण्याआधी लोक त्यांना बोलावून न्यायचे. ते मऊ मातीतून बैल चालवायचे आणि त्याच्या पुढं पुढं जात काठीनं जमिनीवर खूण करायचे, पाऊल इथं पडणार. पडलं तर तिकडं बघायचेही नाहीत. मी एकदा रंगवलेल्या शिंगांकडं बघत राहिलो तर काठीचं टोक माझ्या पोटरीवर बसलं होतं. "शिंगं काय बगतो? बरुबर पडल्यालं पाऊल बी बगू नको. चुकंल तेवडंच बग." सभागृहात हे सांगितल्यावर टाळ्या पडल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढचं मी कधीच सांगत नव्हतो, किंवा सांगायचो ते अर्धंच.

बहात्तर साल, दुष्काळाचं. दिवाळीची सुट्टी संपत आलीय, मला पुण्याला कॉलेजात परत जायचंय. गोठ्यात एकच बैल उरलाय. पुढच्या उजव्या पायानं तो लंगडतो, आणि कडबा दोन दिवसांचाही नाही. बाजारच्या दिवशी पहाटेच तुम्ही त्याला घेऊन निघता, माझी पेटी खांद्यावर घेऊन मी मागं. बाजाराच्या अलीकडं, कोरड्या ओढ्यात, तुम्ही खाली बसता, एक टोकदार खडा निवडता आणि बैलाच्या डाव्या, चांगल्या पायाच्या खुरात, दोन नख्यांच्या मधे, तो दगडानं ठोकून बसवता. वरून मातीचा हात फिरवता. बैल थरथरतो. तुम्ही त्याच्या मानेवर थोपटता. मला आधी काही कळत नाही, मग तो चालू लागतो आणि कळतं. आता तो दोन्ही पायांनी सारखाच लंगडतो, म्हणजे लंगडतच नाही. पावलं आखूड पडतात, पण काठीनं खूण करावी तिथंच पडतात. जन्मभर दुसऱ्यांची लबाडी पकडणाऱ्या माणसाला लबाडी कशी करायची हे बरोबर ठाऊक होतं. मी त्या ओढ्यातच थुंकलो होतो. तुम्ही बघितलंत आणि कासरा धरून पुढं निघालात.

घेणारा पाथर्डीकडचा होता. ऊसतोडीला श्रीगोंद्याच्या बाजूला टोळी निघालेली, आणि त्याच्या जोडीतला एक बैल वाटेतच मेलेला. एका बैलावर गाडी जात नाही, आणि गाडी नाही तर हंगाम नाही, म्हणजे वर्षभर चूल नाही. बायको कडेवर लेकरू घेऊन उभी. तुमचं नाव ऐकून तो आला होता. बैल चालवून बघितला आणि तुमच्या तोंडाकडं बघत राहिला. तुम्ही तंबाखू मळत होतात. मळतच राहिलात. शेवटी तो माझ्याकडं वळला.

"तुमी शिकल्यालं हायेत. तुमीच सांगा, चाल कशी हाय?"

लोकांना मी आजवर सांगितलं ते असं, की आबांनी सरळ म्हणून बैल विकला. गावही तेच म्हणत होतं. तो बैल नगरच्याही पुढं टिकला नाही. जुवाखाली बसला तो उठलाच नाही, आणि त्याच्या जागी त्या बाईनं खांदा दिला, असं टोळीतल्या माणसानं पुढच्या बाजारी येऊन चारचौघांत तुमच्या तोंडावर सांगितलं. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. त्यानंतर काठी घेऊन बाजारात कधी गेला नाहीत. मी पुण्यात हे ऐकलं आणि मला बरं वाटलं, भोगा म्हणावं. आईला लिहिलेल्या पत्रांत तुम्हाला नमस्कार लिहिणं मी बंद केलं होतं. तुम्ही गेलात तेव्हाही मला पहिल्यांदा तो खडाच आठवला.

पण तुम्ही सरळ म्हणाला नव्हता, आबा. तुमची जीभ उचललीच नाही. सरळ हाय, असं मी म्हणालो. आणि का, तर बैल कसायाकडं जाईल ही भीती नव्हती, घराची काळजीही नव्हती. बैल विकला गेला नसता तर त्या लंगड्या जनावराला उन्हातून घरी नेताना मला तुमच्याबरोबर चालावं लागलं असतं, आणि संध्याकाळची एसटी चुकली असती. एवढंच. तुम्ही खडा बसवलात, त्याची शिसारी मला अजून येते, ती जाणार नाही. पण शब्द माझा होता आणि तुम्ही तो मरेपर्यंत स्वतःच्या नावावर वागवलात. एकदाही म्हणाला नाहीत की पोरगं बोललं. तुम्ही म्हणाला असतात तर मला तुमचा राग करणं सोपं गेलं असतं.

पुतण्याला मी हे सांगितलेलं नाही. त्यानं तो बैल घेतला नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघून सोडून दिला. हा कागद तर पोचायचाच नाही, म्हणून एक राहिलेलं लिहितो. त्या दिवशी एसटी तासभर उशिरा आली. थांब्यासमोरच्या टपरीवर तो पाथर्डीचा माणूस बसला होता, बैल शेजारी बाभळीला बांधलेला. मी हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. हाक त्यानंच मला मारली. पाव्हणं, या, म्हणाला, आणि स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढं धरला. मी तो प्यालो.