जिन्यात विचारलेला प्रश्न

नाशिक रोड, मंगळवार, ऑगस्ट १९९८

वरच्या खोलीत केरळची नर्स राहते, लीलाम्मा. जिन्यात दिसली की मी सवयीने विचारते, "जेवलीस का गं?" आणि उत्तराआधीच कुलूप लावून चालू लागते. आपल्याकडे सगळे "हो"च म्हणतात, पोटात कावळे ओरडत असले तरी. आज संध्याकाळी कुलूप अडकलं म्हणून थांबले, तर ती म्हणाली, "नाही."

म्हणजे इतके महिने मी नुसतंच विचारत होते?

कुलूप काढलं, तिला आत घेतलं, पिठलं-भात केला. तिने पहिला घास घेतला आणि विचारलं, "आंटी, तुम्ही जेवली?"

"हो, मगाशीच."

हे गेल्यापासून संध्याकाळी एकटीसाठी गॅस पेटवतेय कुठे मी!

तिने दुसरा घास ताटातच ठेवला.

"आंटी, खरं सांगा."