चोवीस भालेकरी

मंगळवार, ३ सप्टेंबर

चोविसावा झाला! दादानं ब्रश खाली ठेवला, मान मागे टाकली आणि म्हणाला, "चिमे, पलटण उभी राहिली." आठ महिने लागले. पूर्वी अशी पलटण तो पंधरा दिवसांत रंगवायचा, तीही दिवसभर दुकानात घड्याळं दुरुस्त करून आल्यावर.

बोटाच्या दोन पेरांएवढी शिशाची माणसं. निळा डगला, राखाडी टोप, हातात भाला. दादाचा उजवा डोळा काचबिंदूनं गेलाच. डाव्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसतं. त्या नळीत एक भालेकरी बरोबर मावतो. "मला एका वेळी एकच माणूस पुरतो," म्हणतो. हात मात्र अजून तसेच आहेत, घड्याळजीचे. कधीकधी त्याचंच जास्त वाईट वाटतं.

शेवटच्या दोघांचे डोळे मी काढले. एक तिरळा झाला. दादानं तो नाकाशी धरून पाहिला. "असू दे. याला दोन्हीकडचा शत्रू दिसेल."

ही त्याची शेवटची पलटण. त्यानंच जेवताना सांगितलं – भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तशा आवाजात.

गुरुवार, ५ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. "गेलं ते परत येत नाही. आहे ते राखायचं. थेंब चुकवू नका. आणि अचानक धुकं दिसायला लागलं, तर त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी नाही."

सगळं माझ्याकडे बघून बोलले. जिना उतरताना दादा फुरंगटलेला. "डोळा माझा, आणि बोलतात तुझ्याशी! मी काय कुंडी आहे?"

शनिवार, ७ सप्टेंबर

काय करून बसले मी! काय करून बसले!

उद्या लढाई. दादा आणि त्याचे मित्र दंतवैद्य गेली एकोणीस वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लढतात. टेबलावर हिरवं कापड, कापडाखाली पुस्तकं घालून केलेल्या टेकड्या, मोजपट्टी, फासे, दोन सैन्यं. आणि एक नियम, जो दोघांनी कधी मोडला नाही – पुरती न रंगवलेली बाहुली मैदानात उतरत नाही. पुरती म्हणजे वॉर्निशसकट.

वॉर्निश मारायचं राहिलं होतं. फवाऱ्याचा डबा दादाला आता झेपत नाही, अंतर कळत नाही. "मी मारते," म्हटलं. त्यानं दहादा बजावलं होतं, "हवा कोरडी असेल तेव्हाच." आज सकाळपासून भुरभुर. कपडे दोरीवर कालपासून ओलेच. पण उद्यावर लढाई, दादा दुपारी झोपलेला, आणि मला वाटलं, गच्चीत आडोसा आहे की. एवढ्यानं काय होतंय!

दहा मिनिटांत चोवीसच्या चोवीस पांढरे पडले. पिठात लोळवल्यासारखे. निळा डगला नाही, राखाडी टोप नाही, डोळे तर नाहीतच. वॉर्निशमध्ये ओल अडकली. पुसून जात नाही, धुऊन जात नाही. दुकानात मी दिवसभर लोकांचे कपडे उसवते, आखूड करते, पुन्हा शिवते; चुकलं तर टाके काढता येतात. हे कसं उसवू?

पेटीत भरले. कपाटात ठेवली. दादा उठला तेव्हा भांडी घासत होते. "मारलंस?" "मारलं." "छान."

सोमवार, ९ सप्टेंबर

काल लिहिण्याची हिंमत नव्हती. आज सगळं लिहिते.

दंतवैद्य चारला आले. दारातूनच ओरडले, "सेनापती, शरण येताय की दात पाडू?" दादा म्हणाला, "आधी माझी नवी पलटण बघ, दातपाड्या. मग बोल." आणि त्यानं पेटी उघडली.

एक उचलला. डाव्या डोळ्याशी नेला. खाली ठेवला. दुसरा उचलला. खिडकीकडे वळून धरला. तिसरा.

"चिमे, दिवा लावलायस ना?"

"लावलाय."

तिसराही खाली ठेवला. दंतवैद्यांनी एक बाहुली हातात घेतली आणि तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली – नका. का हलवली? लाजेनं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, शाळेत शाईची दौत सांडलेल्या मुलीसारखी. त्यांनी तोंड मिटलं. दुसऱ्यांची तोंडं उघडणारा माणूस, आणि त्याचंच मी मिटवलं.

लढाई सुरू झाली. दादानं दोन डाव खेळून फासे टेबलाच्या मधोमध ठेवले. "मी शरण."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. एकदा त्याचा एकच ढोलवाला उरला होता, तरी दीड तास लढला होता!

"सगळं सैन्य तू घेऊन जा," दंतवैद्यांना म्हणाला. "माझ्याकडे राहून काय उपयोग? कुणी तरी बघायला हवं ना त्यांच्याकडे." दंतवैद्य म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू," आणि जाताना जिन्यात थांबून मला म्हणाले, "आजच सांगा त्याला, ताई."

नाही सांगितलं. जेवण झालं, थेंब घातले, नाही सांगितलं.

आज सकाळी दादा टेलिफोनपाशी बसलेला. दाढी केलेली, बाहेर जायचा शर्ट घातलेला. "डॉक्टरांचा नंबर लावून दे. धुकं आलं, चिमे. काल दुपारीच आलं. तुझी रविवारची सुट्टी वाया जाऊ नये म्हणून बोललो नाही."

मी खाली बसले. त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून सगळं सांगितलं. भुरभुर, गच्ची, फवारा, सगळं.

 मग त्याचा गुडघा हलायला लागला. मला वाटलं रडतोय – हसत होता! "गाढवे! मी रात्रभर आंधळा होऊन पडलो होतो. काठी कुठल्या रंगाची घ्यायची तेसुद्धा ठरवलं! आणि तू शेजारच्या खोलीत घोरतेयस!" घोरत नव्हते मी. पण म्हणू दिलं.

मग त्यानंच उपाय सांगितला. बारीक ब्रशनं तेलाचा पातळ हात द्यायचा, दोन दिवस ठेवायचं, मऊ कापडानं टिपायचं, पुन्हा तेल. पांढरेपणा हळूहळू उतरतो. "हळूहळू, कळलं? घाई करशील तर रंगही निघेल."

त्यानं शर्ट बदलला. फोन केला नाही. कशाला करायचा!

गुरुवार, १२ सप्टेंबर

दुकानातून आल्यावर सहा-सहा घेते. दादा समोर बसून गुणगुणतो. रोज एक हातात घेतो, डोळ्याशी नेतो, परत देतो. "अजून नाही." परीक्षकासारखा.

इतकं सुख झालंय घरात की भीती वाटते.

शनिवार, १४ सप्टेंबर

शेजारच्या काकू आल्या होत्या होड्यांचा खेळ खेळायला. त्यांना लढाया नकोत. "मारामारी टीव्हीवर पुष्कळ आहे." होड्यांच्या खेळात प्रत्येकानं आपली होडी पैलतीराला न्यायची, पानं ओढायची, वादळाचं पान आलं की मागे. काकू वादळाची पानं मांडीखाली सरकवतात. दरवेळी! दादा दरवेळी पकडतो आणि म्हणतो, "काकू, खाली ओल लागेल." हा त्या दोघांचा खेळातला खेळ.

आज तीन पानं सरकवली. दादा काही बोलला नाही. काकू जिंकल्या आणि हिरमुसल्या. "आज मजा नाही आली बाई."

मी म्हटलं, दयाळू झालास की काय? म्हणाला, "म्हातारीला जिंकू दे एकदा." मग वर बघून म्हणाला, "त्या दिव्याभोवती खळं पडलंय. चंद्राला पडतं तसं." मी स्टुलावर चढून दिवा पुसला. तेलकट झालाच होता. स्वयंपाकघर शेजारी, दुसरं काय होणार.

सोमवार, १६ सप्टेंबर

अकरावा आज छान उतरला. निळा रंग पूर्ण वर आला, पट्ट्यावरचं बक्कलसुद्धा दिसतं. दादाला दिला. त्यानं खूप वेळ धरला. "अजून नाही."

थोडा राग आला. उस्ताद लोकांचं असंच. शिष्यानं केलेलं कधी पसंत पडेल तर शपथ!

मंगळवार, १७ सप्टेंबर

दंतवैद्यांचा फोन. "सैन्य न्यायला येऊ, की लढायला?" दादा ओरडला, "लढायला! बावीसला! नवी पलटण पहिल्याच लढाईत मरते म्हणतात. बघतो कोण मारतो ते!"

बुधवार, १८ सप्टेंबर

खांदे भरून आले. वीस झाले.

गुरुवार, १९ सप्टेंबर

संपले! चोवीस! शेवटी तिरळा राहिला होता. त्याचे डोळे वर आले तेव्हा मला खरंच हसू फुटलं. माझेच चुकलेले दोन ठिपके, आणि मी त्यांना जिवलग भेटल्यासारखी बघत बसले.

दादाला सांगितलं नाही. उद्या दुपारची सुट्टी घेतलीय. टेबलावर हिरवं कापड घालून चारच्या सहा रांगा मांडणार, आणि मग हाक मारणार.

शुक्रवार, २० सप्टेंबर

मांडले. खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं. निळे डगले असे चमकत होते की मीच दोन पावलं मागे सरले. हाक मारली.

दादा खुर्ची चाचपत बसला. पहिल्या रांगेतला एक उचलला, डाव्या डोळ्याशी नेला, खिडकीकडे वळला. ऊन त्याच्या तोंडावर. बाहुलीच्या टोपाची सावली त्याच्या गालावर पडलेली.

"पांढरेपणा उतरत नाहीये गं अजून," म्हणाला. "पिठासारखंच आहे. पण असू दे. तेलाला वेळ लागतो. रविवारी असेच उतरवू मैदानात, तू काही मनाला लावून घेऊ नकोस."

मी आत जाऊन डॉक्टरांना फोन लावला. धुकं दिसतंय म्हणून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"कधीपासून?"