अख्खा निघालेला मेंदू

चिरंजीव टुरलाइफ, ट्रॉम्सोहून आईचा मायेचा आशीर्वाद.

पोरीला शनिवारच्या त्या उद्योगातून बाहेर काढ, अभ्यास बुडतो, म्हणून तू मला पाठवलंस. नाही काढणार! तुझी लेक रागनहिल्ड कॉलेजात मेंदूचं शिकते आणि शनिवारी शाळकरी मुलांना माशाचा खरा मेंदू दाखवते. यात बुडतंय काय?

काल मीही गेले. तिच्या सोबतच्यांनी कॉड माशांची डोकी फोडून नुसता लगदा केला होता. म्हटलं, "सरका रे बाळांनो." चाळीस वर्षं मासे कापलेत मी! मेंदू अख्खा काढला. त्यांच्या बाई म्हणाल्या, "आजी, दर शनिवारी याल?" शाळेत मला कधी कुणी पुढे बोलावलं नव्हतं रे.

गुडघा जरासाच दुखतो. तू जेवतोस ना नीट?

मला न्यायला आलासच, तर तुझ्या होडीतली दोन टोपल्या माशांची ताजी डोकी घेऊन ये.

तुझी आई